धूप व धूपन
धूप व धूपन : निखाऱ्यावर किंवा तापलेल्या राखेवर टाकली असता सुगंधी वाफ व धूर देणारी वनस्पतिज द्रव्ये, तसेच त्यांपासून निघणारा धूर, या दोहोंसही मराठीत ‘धूप’ म्हणतात. धूर देण्याच्या क्रियेस धूपन किंवा धुरी देणे अशी संज्ञा आहे. अगरबत्ती एकदा पेटविली की आपोआप जळत राहते. सुट्या धुपाला मात्र बाहेरून उष्णता पुरवावी लागते. घरगुती धूपनातील सर्वांत गंभीर धोका या उष्णतेच्या साधनातून, म्हणजे निखाऱ्यातून, उद्भवतो.

धूपद्रव्ये : यांत राळयुक्त निर्यास प्रमुख होत. शालवृक्षापासून राळ मिळते. सालईचा डिंक सातपुडा व विदर्भातील कोरड्या पानझडी जंगलांतून येतो. ऊद किंवा लोबान हा आग्नेय आशियातील स्टायरॅक्स वंशाच्या वृक्षांचा निर्यास आहे. गुग्गुळाचे झुडूप राजस्थान व गुजरातच्या रुक्ष प्रदेशांत वाढते. अतिरेकी चिरा पाडल्याने ते दुर्मिळ झाले असून २०१५ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत झाली. साहजिकच बाजारातील गुग्गुळात भेसळ वारंवार आढळते. यांखेरीज वाळा, नागरमोथा, जटामांसी, कापूरकाचरी, वेखंड, ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, कडुनिंबाची वाळलेली पाने इ. द्रव्ये वापरतात.

सुगंध व धूर : सुगंध आणि धूर या दोन भिन्न गोष्टी आहेत. निर्यासातील बाष्पनशील तेले मंद उष्णतेनेही उडून जातात. उदातील बेंझॉइक अम्लाचा वितळबिंदू सु. १२२° से. असून त्याआधीच त्याचे संप्लवन होऊ लागते. धगधगत्या निखाऱ्याचे तापमान मात्र ६००° से. हून अधिक असते. त्यावर टाकलेले द्रव्य उडून जाण्यापूर्वीच करपते व अपूर्ण ज्वलनामुळे काजळीचे सूक्ष्म कण, फॉर्माल्डिहाइड, बेंझीन यांसारखे अपायकारक घटक निर्माण होतात. दाट धूर म्हणजे उत्तम धूप ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. दाट धूर वाया गेलेल्या सुगंधाचे लक्षण होय. जपानमधील सुगंधसेवनाच्या परंपरेत निखारा राखेत पुरून, वर अभ्रकाचा पातळ पत्रा ठेवून त्यावर सुगंधी काष्ठाचा तुकडा केवळ तापवितात. त्यात धूर जवळजवळ होतच नाही.

पद्धती : धुपाटण्यात प्रथम दोन बोटे जाडीचा वाळूचा किंवा चाळलेल्या राखेचा थर द्यावा, त्यामुळे बूड तापत नाही. धुपाटणे फरशीवर, पडदे व कपडे यांपासून दूर ठेवावे. नारळाच्या करवंटीचा वा लाकडी कोळसा उघड्यावर पेटवून, त्यावर राखाडी पापुद्रा आल्यावरच आत आणावा. झटकन पेटणाऱ्या कोळशाच्या वड्यांत बहुधा सोरा मिसळलेला असतो व सुरुवातीस त्यांतून ठिणग्या उडतात. निखाऱ्यावर राखेची पातळ चिमूट पसरून मग धूपद्रव्य टाकावे. एका वेळी हरभऱ्याएवढा खडा पुरेसा होतो. वनौषधी पूर्ण वाळलेल्या व भरडलेल्या असाव्यात. ओलसर पाला नुसताच धुमसतो. निखाऱ्यावर कापूर टाकल्यास एकाएकी भडका उडतो. निर्माल्य वाळवून धुपात घालताना कण्हेरीची फुले व पाने कटाक्षाने वगळावीत, कारण त्यांचा धूरही विषारी असतो. बिब्ब्याच्या धुराने त्वचेस दाह होतो. दृष्ट काढताना मिरच्या जाळण्याची चाल दम्याच्या रोग्यास विशेष त्रासदायक ठरते.

वायुवीजन व बालसंगोपन : निखाऱ्यापासून कार्बन मोनॉक्साइड हा वर्णहीन व गंधहीन वायू निघतो. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनाच्या दोनशेहून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो. धुपाच्या सुवासामुळे हवा शुद्ध असल्याचा भास होतो, हे येथे अधिकच घातक आहे. डोकेदुखी, घेरी, मळमळ ही प्रारंभीची लक्षणे होत. ती दिसताच सर्वांनी मोकळ्या हवेत जावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

महाराष्ट्रात बाळंतिणीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून शेगडी ठेवण्याची व न्हाऊ घातल्यावर बाळाला ओवा, बाळंतशोपा इत्यादींची धुरी देण्याची चाल जुनी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड इ. द्रव्यांचा धूप सांगितला आहे. पण तो बालकाची वस्त्रे, अंथरूण व पांघरूण यांना द्यावयाचा आहे. प्रत्यक्ष बालकाला धुरावर धरण्याची रूढी यापासून दूर गेलेली दिसते. नवजात बालक मिनिटाला सु. ४० ते ६० वेळा श्वास घेते. त्यामुळे वजनाच्या मानाने प्रौढापेक्षा बराच अधिक धूर त्याच्या शरीरात जातो. चाल पाळावयाचीच असेल, तर दुपटी व झबली दुसऱ्या हवेशीर खोलीत धुपवावीत आणि धूर पूर्ण विरल्यावर वापरावीत. शेगडी किंवा धुपाटणे बंद खोलीत ठेवून झोपू नये. गरोदर स्त्रिया, वृद्ध, दमेकरी व हृद्रोगी यांनाही धुरापासून दूर ठेवावे.

राखेखालचा निखारा विझलेला वाटला, तरी कित्येक तास धुमसत राहतो व त्यातून विषारी वायू निघतच असतो. म्हणून धूपन संपताच धुपाटणे घराबाहेर न्यावे, निखारा चिमट्याने उचलून पाण्यात बुडवावा व राख पूर्ण थंड झाल्यावरच केराच्या टोपलीत टाकावी. तापलेल्या मातीच्या धुपाटण्यात मात्र पाणी ओतू नये, ते तडकते.