चाकाच्या मधोमध : माउंटन बाइकचा हब

हब म्हणजे चाकाच्या मधोमध बसलेले नळकांडे. त्याच्या आतून एक्सल जातो, एक्सलवर बेअरिंगे फिरतात, दोन्ही बाजूंच्या कडांच्या भोकांत स्पोक अडकतात. डिस्क ब्रेकची चकती यावरच बसते आणि मागच्या चाकात गिअरची कॅसेटही. स्वाराचे वजन, पायाचा जोर आणि ब्रेकचा ताण हे सगळे हबमधून जाते. रिम दगडावर आपटली की दिसते, टायर फाटला की कळतो. हबची झीज मात्र आत, नजरेआड चालू असते. म्हणूनच सायकल घेताना हबकडे सहसा कोणी बघत नाही, आणि माउंटन बाइकला ही हयगय लवकर भोवते.

कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७०च्या दशकात हा खेळ आकाराला आला, तेव्हाही कच्चा दुवा हबच होता. फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. जाड टायरच्या त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या पोटातच असे. पॅडल उलटे दाबले की तो लागे. सुमारे दोन मैलांच्या अंतरात जवळपास १,३०० फूट उतरताना हब इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे. खाली पोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत याला ‘रीपॅक’ करणे म्हणतात, आणि त्या उताराला व शर्यतीला तेच नाव पडले. पुढे ब्रेक हबच्या पोटातून बाहेर आला आणि ती उष्णता गेली. चिखल, पाणी आणि चढावरचा जोर मात्र राहिला.

हब निवडताना आधी माप जुळवावे लागते, दर्जाचा विचार त्यानंतर. जुन्या आणि आजच्याही स्वस्त माउंटन बाइकमध्ये पुढचा हब १०० मिलिमीटर आणि मागचा १३५ मिलिमीटर रुंद असतो, आणि तो क्विक रिलीजच्या खटक्याने किंवा नटांनी आवळलेला असतो. त्यानंतर थ्रू एक्सल आला : पुढे १५ आणि मागे १२ मिलिमीटर जाडीचा दांडा फ्रेममधून आरपार जाऊन आट्यांत घट्ट बसतो. मागची रुंदी १४२ झाली, पण ही वाढ बहुतांशी फसवी आहे. जास्तीचे सात मिलिमीटर फ्रेमच्या खाचांत बसतात, स्पोकच्या कडा होत्या तिथेच राहतात. त्यामुळे अनेक हब दोन्ही टोकांच्या टोप्या बदलून १३५चे १४२ करता येतात. ‘बूस्ट’ या मापाची गोष्ट वेगळी. पुढे ११० आणि मागे १४८ मिलिमीटर रुंदीच्या या हबमध्ये मागच्या कडा प्रत्येकी तीन मिलिमीटर खरोखर बाहेर सरकल्या. २९ इंची चाकाचे स्पोक लांब आणि जास्त उभे असल्याने चाक बाजूला झुकते. कडा लांब गेल्या की ते ताठ राहते. फ्रेम कोणत्या मापाची आहे ते पाहिल्याशिवाय हबची चौकशी करण्यात अर्थ नाही.

ब्रेकची चकती सहा बोल्टांनी बसते किंवा ‘सेंटरलॉक’च्या खाचांवर. सेंटरलॉक हबवर अडॅप्टर लावून सहा बोल्टांची चकती बसवता येते, उलट मात्र करता येत नाही. स्पोकच्या बाबतीत मानेशी वाकवलेल्या साध्या स्पोकचा हब घेणे शहाणपणाचे. सरळ स्पोकचा हब देखणा दिसतो, पण मुक्कामाच्या गावी स्पोक तुटला तर तो तिथल्या दुकानात मिळण्याची शक्यता फारच कमी.

कॅसेट ज्या नळीवर सरकवून बसवतात तिचे तीन प्रकार प्रचलित आहेत. शिमानो कंपनीचा जुना ‘एचजी’ सगळ्यात सार्वत्रिक. पण त्यावर सर्वांत लहान चक्र साधारणपणे अकरा दातांचेच बसते. दहा दातांचे चक्र हवे तर स्रॅम कंपनीचा ‘एक्सडी’ किंवा शिमानोने २०१८मध्ये बारा गिअरसाठी आणलेला ‘मायक्रो स्प्लाइन’ लागतो. एचजीची नळी ॲल्युमिनियमची असेल तर कॅसेटची सुटी चक्रे तिच्यात रुततात, कॅसेट निघता निघत नाही. पोलादी नळी काही ग्रॅम जड असते, पण वर्षानुवर्षे टिकते. रोजच्या वापराला पोलादीच घ्यावी.

आपल्याकडच्या अनेक स्वस्त माउंटन बाइकमध्ये फ्रीहब, म्हणजे कॅसेटची नळी आणि चाकाला पुढे मोकळे फिरू देणारी तिच्या आतली यंत्रणा, नसतोच. तिथे हबवर आट्यांनी फिरवून बसवलेले फ्रीव्हील असते. त्यात उजव्या बाजूचे बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, एक्सलच्या टोकापासून बरेच दूर राहते. मधला एक्सल निराधार असतो, आणि खाचखळग्यांत तो वाकतो किंवा तुटतो. वजनदार स्वाराचा मागचा एक्सल पुन्हा पुन्हा तुटत असेल तर दोष क्वचितच त्या सुट्या भागाचा असतो, बहुतेकदा या रचनेचाच असतो. शिमानोने १९७८मध्ये आणलेल्या फ्रीहबने नेमके हे दुखणे काढले : बेअरिंग कॅसेटच्या खाली, टोकाजवळ गेले.

फ्रीहबच्या आत काय चालते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. ७५ किलोचा स्वार १७५ मिलिमीटरच्या क्रँकवर पूर्ण वजन टाकून उभा राहिला तर क्रँकवर सुमारे १२९ न्यूटन-मीटर पीळ पडतो. पुढे ३२ दात आणि मागे ५१ दात असा चढाचा गिअर असेल तर हबपर्यंत तो वाढून दोनशेच्या वर जातो. हबमधल्या दातेरी कड्याची त्रिज्या जेमतेम १७ मिलिमीटर धरली, तर दातांवर सुमारे बाराशे किलो वजनाइतका दाब येतो. तो झेलायला असतात तीन-चार खिट्या. दुरुस्तीवाले त्यांना कुत्री म्हणतात. नखाएवढ्या त्या प्रत्येक तुकड्यावर तीन-चारशे किलोंचा भार! खिटी दातात अर्धवट बसली असताना हा जोर आला तर तिची कड तुटते किंवा दात घसरतो. मग पॅडल एकाएकी रिकामे फिरते आणि स्वार पुढच्या हँडलवर आदळतो.

ही यंत्रणा दोन-तीन तऱ्हांनी करतात. स्प्रिंगने उचललेल्या खिट्या सर्वांत सामान्य. स्वित्झर्लंडच्या डीटी स्विसच्या हबमध्ये खिट्या नाहीत. समोरासमोर दात असलेली दोन कडी एकमेकांत अडकतात, त्यामुळे जोर दोन-चार टोकांऐवजी सगळ्या दातांवर वाटला जातो. क्रिस किंग या अमेरिकी हबची रचना याच्याच जवळची, पण ७२ दातांची.

दातांच्या संख्येवर बाजारात फार भर दिला जातो, म्हणून तिचा हिशेब समजून घेतलेला बरा. ३६ दातांचा हब पकड घेण्याआधी जास्तीत जास्त दहा अंश मोकळा फिरतो. वर सांगितलेल्या चढाच्या गिअरमध्ये हे दहा अंश क्रँकवर सोळा होतात, म्हणजे पॅडल जवळजवळ पाच सेंटिमीटर पोकळ जाते. १८ दातांत हे अंतर दहा सेंटिमीटरच्या आसपास, ५४ दातांत साधारण तीन. उभ्या खडकाळ चढावर, जिथे पाव फेरा मारून थांबावे आणि पुन्हा जोर लावावा लागतो, तिथे हा फरक पायाला स्पष्ट जाणवतो. उतारावर आणि सपाटीवर मात्र तो जाणवतही नाही. शिवाय दात वाढले की ते बारीक होतात, खिट्या नाजूक होतात आणि घाण सहन होत नाही. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलीत तर थोडा मोकळेपणा उपयोगीच पडतो : सस्पेन्शन दबताना चेन ताणली जाते आणि पॅडलला मागे हिसका बसतो, तो काही अंशी या पोकळीत जिरतो. शेकड्यांनी पकडी असलेल्या हबसाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा ३६ ते ५४ दातांचा, हाताने उघडता येणारा हब बहुतेकांना जास्त उपयोगाचा. आवाजाला तर काहीच किंमत देऊ नये. हबचा करकराट त्याच्या मजबुतीबद्दल काही सांगत नाही.

बेअरिंगचे दोन पंथ आहेत. कप-कोनच्या हबमध्ये हबचा कप आणि एक्सलवरचा कोन यांच्यामध्ये सुटे छर्रे असतात. मागे बहुधा एका बाजूला पाव इंची नऊ, पुढे थोडे लहान दहा. चपटे पाने आणि थोडा सराव असला की हा हब घरी खोलून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा जुळवता येतो. क्विक रिलीज असेल तर कोन आवळताना किंचित खेळ ठेवावा, कारण खटका दाबला की एक्सल दबतो आणि तो खेळ नाहीसा होतो. हे माहीत नसल्याने अनेक हब गरजेपेक्षा घट्ट आवळले जातात आणि कोनवर खड्डे पडतात. कप हबच्या अंगातच बसवलेले असल्याने त्यांच्यावर खड्डे पडले की हब बाद.

दुसरा पंथ बंद बेअरिंगचा. इथे जुने ठोकून काढायचे, नवे दाबून बसवायचे. बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर दिला की नवे बेअरिंग तिथल्या तिथे खराब होते. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६९०२ म्हणजे आतून १५, बाहेरून २८ आणि जाडीला ७ मिलिमीटर. असे नंबर औद्योगिक असल्याने कारखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांतही मिळतात. नंबरापुढे ‘२आरएस’ अक्षरे पाहून घ्यावीत. त्यांचा अर्थ दोन्ही बाजूंना रबरी सील. ‘झेडझेड’ म्हणजे पत्र्याचे झाकण, ते चिखलात टिकत नाही. १५२६७सारखे खास सायकलसाठीचे नंबर मात्र सहज मिळत नाहीत. हब घेण्याआधी त्यातल्या बेअरिंगचे नंबर पाहणे म्हणजे पुढची पाच वर्षे पाहणे.

सह्याद्रीत पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्याला हे सगळे एका मोसमात शिकायला मिळते. ओढे ओलांडताना पाणी हबच्या वर चढते, आणि कोकणातल्या जांभ्याची लाल माती सीलच्या कडेला बसून तिला घासते. तरीही सर्वाधिक नुकसान घरी आल्यावर होते : गाडी धुण्याच्या दुकानातल्या फवाऱ्याने. तो जोराचा झोत एक्सलच्या बाजूने मारला की पाणी सील ओलांडून आत जाते आणि ग्रीस बाहेर येते. बादली, ब्रश आणि मग कोरडे फडके पुरेसे आहे.

तपासणीला दोन मिनिटे लागतात. सायकल उभी धरून रिम डावी-उजवीकडे हलवावी. एक्सलपाशी टकटक जाणवली तर बेअरिंगमध्ये खेळ आहे. चाक काढून एक्सल बोटांनी हळू फिरवावा. खरखर किंवा अडत अडत फिरणे म्हणजे छर्रे गेले. पॅडल थांबवल्यावर वरची चेन सैल पडून लोंबत असेल तर फ्रीहब आत जड झाला आहे. खिट्यांचा आवाज अचानक कर्कश झाला तर आत वंगण उरलेले नाही. अचानक बुजला किंवा तुटक झाला तर एखादी खिटी चिकटली आहे, आणि अशा चाकावर उभे राहून जोर लावणे धोक्याचे. खिट्यांना नेहमी पातळ वंगणच द्यावे. बेअरिंगचे घट्ट ग्रीस तिथे भरले की खिट्या उठत नाहीत. ही चूक चांगल्या दुकानांतही होताना दिसते. दातेरी कड्यांच्या हबला निर्मात्याने सांगितलेले ग्रीस लागते आणि तेही पुसट, बोटाने फिरवलेले. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा फ्रीहब उघडला तर बहुतेकांना पुरते.

नीट राखलेला हब दोन-तीन रिमा पाहतो. रिम बदलताना जुन्याच हबवर चाक बांधता येते, पण हब बदलायचा तर स्पोकची लांबी बदलते आणि चाक पहिल्यापासून बांधावे लागते. म्हणूनच चाकाचे पैसे आधी हबवर खर्च करावेत. हबचा शेवट बहुधा स्पोकच्या भोकांशी दिसतो. चाक सरळ करताना त्या कडा पुसून उजेडात पाहाव्यात. दोन भोकांच्या मध्ये केसाएवढी रेघ दिसली तर ती धातूची चीर असते. ती जोडता येत नाही, आणि तसा हब त्याच दिवशी चाकातून काढावा लागतो.