थॉमस-उबर करंडकाची आशियाई चाळणी

बॅडमिंटनमध्ये पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा म्हणजे थॉमस करंडक आणि महिलांची उबर करंडक. दर दोन वर्षांनी होणाऱ्या या स्पर्धांत प्रत्येकी फक्त १६ संघ खेळतात. तिथे पोहोचण्याचा मुख्य मार्ग खंडीय पात्रता स्पर्धेतून जातो. आशियात ही चाळणी म्हणजे आशियाई सांघिक अजिंक्यपद स्पर्धा. सध्याच्या स्वरूपात ती २०१६ मध्ये हैदराबादला सुरू झाली. उपांत्य फेरी गाठणाऱ्या चार संघांना थेट प्रवेश मिळतो. उरलेल्यांचे भवितव्य जागतिक क्रमवारीवर ठरते. चीन, इंडोनेशिया, जपान, कोरिया, मलेशिया असे मातब्बर संघ एकाच खंडात असल्याने ही पात्रता फेरी मुख्य स्पर्धेइतकीच खडतर ठरते.

थॉमस करंडकाची कल्पना सर जॉर्ज थॉमस यांनी १९३९ मध्ये मांडली. बॅडमिंटनमध्ये ऑल इंग्लंडची २१ विजेतेपदे आणि बुद्धिबळात दोनदा ब्रिटिश अजिंक्यपद मिळवणारा हा माणूस अजबच म्हणायचा. महायुद्धामुळे पहिली स्पर्धा १९४८-४९ मध्ये झाली आणि मलायाने ती जिंकली. तेव्हा दोन देशांतली लढत नऊ सामन्यांची असे : पाच एकेरी, चार दुहेरी. आधी आपला विभाग जिंकायचा, मग इतर विभागांच्या विजेत्यांशी झुंजायचे.

त्या काळात भारताची धुरा वाहणारे नंदू नाटेकर सांगलीचे. जन्म १२ मे १९३३ चा. १९५१ ते १९६३ या काळात थॉमस करंडकात त्यांनी एकेरीचे १६ पैकी १२ सामने जिंकले. १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलंगोर स्पर्धा जिंकून ते आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, आणि १९६१ मध्ये बॅडमिंटनचा पहिला अर्जुन पुरस्कारही त्यांनाच मिळाला. भारतीय संघ १९५२, १९५५ आणि १९७९ मध्ये उपांत्य टप्प्यापर्यंत गेला. त्यापुढे मात्र दार उघडेना. १९५२ मध्ये अमेरिकेने भारताला अवघ्या एका सामन्याच्या फरकाने, ५-४ असे रोखले होते.

१९८४ पासून लढत पाच सामन्यांवर आली. आता एकेरी आणि दुहेरीचे सामने सहसा आलटून पालटून होतात. निकाल २-२ असा अडला की सारा भार तिसऱ्या एकेरीवर, म्हणजे संघातल्या क्रमवारीने तिसऱ्या खेळाडूवर येतो. एक जगज्जेता पुरत नाही, तो अशा वेळी. देशात खेळाची पाळेमुळे किती खोल आहेत, हे हा सामना दाखवून देतो.

२०२४ मध्ये मलेशियातल्या शाह आलमला झालेल्या आशियाई सांघिक स्पर्धेत याचा विलक्षण प्रत्यय आला. भारतीय महिला संघात पी. व्ही. सिंधू होती, पण निर्णायक सामने पडले सतरा वर्षांच्या अनमोल खरबच्या वाट्याला. तेव्हा तिचा जागतिक क्रमांक होता ४७२. चीनविरुद्ध २-२, जपानविरुद्ध उपांत्य फेरीत २-२, थायलंडविरुद्ध अंतिम फेरीत २-२. तिन्ही वेळा शेवटचा सामना अनमोलने जिंकला. १८ फेब्रुवारीला भारतीय महिलांनी या स्पर्धेचे पहिले सुवर्ण मिळवले.

पुरुषांची गोष्ट याच्या उलट घडली होती. २०२२ मध्ये शाह आलमलाच बहुतांश नवोदितांचा भारतीय संघ गटातच गारद झाला. क्रमवारीने तारले, म्हणून थॉमस करंडकाचे दार उघडे राहिले. तीनच महिन्यांनी, १५ मे रोजी बँकॉकमध्ये भारताने इंडोनेशियाला ३-० असे नमवून करंडक पहिल्यांदा जिंकला. लक्ष्य सेन आणि किदम्बी श्रीकांत यांनी एकेरीत, तर मुंबईकर चिराग शेट्टीने सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या साथीने दुहेरीत बाजी मारली. हा करंडक जिंकणारा भारत सहावा देश.

एकाच चाळणीच्या या दोन तऱ्हा. बहुतेक बिनीचे खेळाडू नसताना भारतीय पुरुष तिथे अडले आणि सिंधूसारखी खेळाडू असूनही महिलांना तारले ते ४७२ व्या क्रमांकाने. दोन्हींचा धडा एकच : करंडक आघाडीचे खेळाडू उंचावतात, पण संघाची खरी खोली पात्रता फेरीतच मोजली जाते.