कमरबंदाच्या गाठी

मिर्झा गालिब यांचे नाव तुम्हांला माहीत आहे. त्यांच्या गझला तुम्ही उर्दूच्या पुस्तकात वाचल्या असतील. पण गालिब शेर कसे रचत, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

गालिब पुष्कळदा रात्री शेर रचत. एखादा शेर मनासारखा जुळला, की ते आपल्या कमरबंदाला एक गाठ मारत. दुसरा जुळला, की दुसरी गाठ. अशा आठ-दहा गाठी मारून ते झोपी जात. सकाळी उठल्यावर त्या गाठी सोडत आणि एकेक शेर आठवून कागदावर उतरवत. त्यांचे शिष्य मौलाना हाली यांनी ‘यादगारे गालिब’ (१८९७) या चरित्रात ही आठवण लिहून ठेवली आहे.

लेखक होण्यासाठी काय लागते, असे विचारले तर बरेच जण म्हणतात, “ती अल्लाची देणगी आहे. आपल्याला कसे जमणार?” देणगी असतेच, पण ती नुसती असून भागत नाही. चांगला विचार कुणाच्याही मनात येतो. तुमच्याही येतो. पण तो पाखरासारखा असतो. क्षणभर खिडकीत बसतो आणि उडून जातो. लेखक त्याला लगेच गाठ मारून ठेवतो. लेखक आणि इतर माणसे यांच्यातला पहिला फरक हा एवढाच आहे.

तुम्हांला कमरबंदाची गरज नाही. एक छोटी वही पुरे. दिवसभरात जे पाहिले, ऐकले, त्यातले मनाला लागलेले एक वाक्य रोज तिच्यात लिहा.

आता तुम्ही विचाराल, लिहायचे काय? आमच्या मोहल्ल्यात लिहिण्यासारखे काय घडते? याचे उत्तर प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ या कथेत आहे. छोट्या हमीदजवळ ईदच्या दिवशी फक्त तीन पैसे असतात. इतर मुले मिठाई आणि खेळणी घेतात. हमीद मात्र आजीसाठी चिमटा घेतो. का? तर रोटी भाजताना तव्यावर तिची बोटे पोळतात. हमीद प्रेमळ मुलगा होता, असे नुसते सांगितले असते तर आपण ते वाचून विसरलो असतो. पण पोळणारी बोटे आणि लोखंडी चिमटा आपण विसरत नाही.

लेखकाची नजर अशी असते. ती मोठ्या शब्दांवर थांबत नाही. ती वस्तूंकडे आणि हातांकडे पाहते. तुम्ही मालेगावचे किंवा भिवंडीचे असाल, तर यंत्रमागांची खडखड तुमच्या कानांत लहानपणापासून आहे. ‘माझी आई फार कष्टाळू आहे’ हे वाक्य निबंधात सगळेच लिहितात. त्याऐवजी असे लिहून पाहा : ‘आई कांड्या भरते. रात्री ती माझ्या डोक्यावरून हात फिरवते, तेव्हा तिच्या बोटांना सुताचा वास येतो.’ ही आई फक्त तुमची आहे. ती दुसऱ्या कुणाच्या निबंधात सापडणार नाही.

काही जणांच्या मनात आणखी एक शंका असेल. “मराठी माझी घरची भाषा नाही. मी मराठीत कसे लिहू?” त्यांनी अण्णा भाऊ साठे यांचे चरित्र आठवावे. सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे १९२० साली त्यांचा जन्म झाला. शाळेचे शिक्षण त्यांना जवळजवळ मिळालेच नाही. मुंबईत मोलमजुरी करताना ते दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरची पत्रके वाचत वाचत अक्षरे शिकले, असे सांगतात. पुढे याच माणसाने कथा, कादंबऱ्या, लावण्या आणि पोवाडे लिहिले. त्यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

प्रेमचंदही आरंभी उर्दूत लिहीत होते. नंतर ते हिंदीतही लिहू लागले आणि दोन्ही भाषांनी त्यांना आपले मानले. दुसरी भाषा म्हणजे आपल्या घराला आणखी एक दार. एका दाराने बाहेर पडायचे आणि दुसऱ्या दाराने पाहुण्यांना आत घ्यायचे. तुमच्या घरातली ईद, तुमच्या गल्लीतली बोली, तुमच्या दादीच्या गोष्टी मराठी वाचकाला कोण सांगणार? ते काम तुमचेच आहे.

लिहून झाले, की काम संपले असे मात्र समजू नका. खरे काम तेव्हाच सुरू होते. गालिब यांचा उर्दू दीवान १८४१ साली छापून निघाला. त्यात जेमतेम अकराशे शेर होते. त्यांनी लिहिलेले शेर याहून पुष्कळ जास्त होते. भोपाळ येथे १८२१ सालचे एक हस्तलिखित सापडले. ते १९२१ मध्ये छापले गेले, तेव्हा गालिब यांनी आपलेच किती शेर बाजूला ठेवले होते, ते लोकांना दिसले. शेर जपण्यासाठी गाठी मारणारा हा कवी, नको असलेले शेर सोडूनही देत होता. म्हणून आपले लिखाण दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते, तिथे वाक्य बदला. जो शब्द काढला तरी काही बिघडत नाही, तो काढून टाका. खाडाखोडीची लाज वाटू देऊ नका.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. लेखकाने खरे लिहावे. १९०८ मध्ये प्रेमचंदांचा ‘सोजे वतन’ हा उर्दू कथासंग्रह प्रसिद्ध झाला. तेव्हा ते ‘नवाबराय’ या नावाने लिहीत आणि सरकारच्या शिक्षण खात्यात नोकरी करत. त्या कथांत देशप्रेम होते. इंग्रज कलेक्टरने त्यांना बोलावून जाब विचारला. शिल्लक प्रती त्यांना सरकारच्या हवाली कराव्या लागल्या आणि त्या जाळल्या गेल्या. परवानगीशिवाय काहीही छापायचे नाही, असा हुकूम झाला. नोकरी गेली असती, तर घर कसे चालणार होते? एखाद्याने लेखणी खाली ठेवली असती. त्यांनी नाव बदलले. १९१० पासून ते ‘प्रेमचंद’ या नावाने लिहू लागले. नवाबरायची पुस्तके जळाली, पण त्यांच्यातला लेखक जळाला नाही.

तुम्हांला कुणी कलेक्टर बोलावणार नाही. तरीही खरे लिहिणे सोपे नाही. मित्र हसतील, अशी भीती वाटते. आपली गरिबी, आपली चूक, आपले रडणे लपवावेसे वाटते. अशा वेळी मार्गदर्शिकेतले छापील वाक्य उतरवणे सोपे जाते. त्याला गुणही मिळतात. पण त्यात तुम्ही कुठेच नसता.

मित्रांनो, तुमच्यापैकी प्रत्येक जण लेखक होईलच असे नाही. कुणी डॉक्टर होईल, कुणी दुकान चालवील, कुणी मागावर बसेल. पण नीट पाहणे, पाहिलेले जपणे, नको ते टाकणे आणि खरे बोलणे या सवयी कोणत्याही कामात उपयोगी पडतात.

आज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरातली एक गोष्ट आठवा. ती एकाच वाक्यात वहीत लिहा. ही तुमची पहिली गाठ. सकाळी ती सोडून पाहा.