वृद्धाश्रमातील इंटरनेट : वेगापेक्षा भरवसा महत्त्वाचा

- प्रतिनिधी

वृद्धाश्रमात इंटरनेट कशाला हवे, असे वीस वर्षांपूर्वी कोणी विचारले असते तर त्यात कोणाला वावगे वाटले नसते. आज परिस्थिती पार पालटली आहे. निवृत्तिवेतनधारकांना दर वर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’ सुविधेमुळे २०१४ पासून संगणकाद्वारे देता येतो. २०२१ पासून तर भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही हे काम भागते. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि ‘ई-संजीवनी’वरून विनामूल्य सल्ला मिळू लागला. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुला-नातवंडांची भेटही बहुतेकदा पडद्यावरच होते. साहजिकच वृद्धाश्रमासाठी इंटरनेट ही आता चैन राहिलेली नाही. मात्र, कोणती जोडणी घ्यावी या प्रश्नाचे उत्तर शहरातील आश्रमासाठी वेगळे आणि घाटाखालच्या गावातील आश्रमासाठी वेगळे आहे.

गरज नेमकी किती?

जाहिरातींमध्ये शंभर, तीनशे, हजार मेगाबिटचे आकडे झळकतात. प्रत्यक्षात चेहरा स्पष्ट दिसेल अशा एका संभाषणाला दोन्ही दिशांना साधारण एक ते दोन मेगाबिट प्रतिसेकंद एवढा वेग पुरतो. पन्नास-साठ रहिवाशांच्या आश्रमात रविवारी सकाळी, म्हणजे अमेरिकेत शनिवारची रात्र असताना, दहा जण एकाच वेळी बोलत असतील तर वीस मेगाबिट लागतील. सीसीटीव्हीचे चित्रण बाहेर पाठवले जात असेल तर त्याची भर वेगळी. येथे ध्यानात घ्यायची गोष्ट म्हणजे माहिती बाहेर पाठवण्याचा वेग. भ्रमणध्वनीच्या जाळ्यावर तो उतरवून घेण्याच्या वेगापेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे आजीला नातू स्पष्ट दिसतो. पण नातवाला आजी दिसत नाही.

मात्र वेग हा प्रश्नाचा अर्धाच भाग आहे. घरातील इंटरनेट दोन दिवस बंद पडले तर गैरसोय होते. आश्रमात मात्र डॉक्टरांचा ठरलेला सल्ला चुकतो. म्हणून येथे कसोटी वेगाची नव्हे, तर अखंडतेची लावायला हवी.

शहरात अडचण भिंतीआड

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत ऑप्टिकल फायबर हा पहिला पर्याय ठरतो. तांब्याच्या तारेत अंतर वाढते तसा वेग घटतो. फायबरमधून प्रकाश जात असल्याने शहरातील अंतरांत तसा फरक पडत नाही. जेथे फायबर आणणे अवघड, तेथे फाइव्ह-जी लहरींवर चालणारी ‘एअरफायबर’ सेवा आहे. ती एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि जिओने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केली.

शहरातील खरी अडचण इमारतीच्या आत असते. जुन्या दगडी वास्तूंच्या जाड भिंती वाय-फायच्या लहरी अडवतात. कार्यालयात ठेवलेल्या एका राउटरवर तीन मजले चालत नाहीत. प्रत्येक मजल्यावर तार नेऊन तेथे स्वतंत्र वाय-फाय यंत्र बसवणे हाच टिकाऊ उपाय आहे. कार्यालय व कॅमेरे यांचे जाळे आणि रहिवाशांचे जाळे वेगवेगळे ठेवणेही आवश्यक आहे.

गावात पर्याय अनेक, खात्री कमी

ग्रामीण भागात चित्र निराळे आहे. अनेक आश्रम गावठाणापासून दूर, दान मिळालेल्या जागेवर उभे आहेत. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली; तीच पुढे ‘भारतनेट’ नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’द्वारे हाती घेण्यात आले. परंतु फायबर ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचले म्हणजे आश्रमापर्यंत पोहोचले असे नाही. उरलेला दोन-तीन किलोमीटरचा टप्पाच बहुधा रखडतो. मधे डोंगर किंवा दाट झाडी नसेल तर हा टप्पा समोरासमोर बसवलेल्या दोन अँटेनांनी पार करता येतो. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी २०१८ मध्ये मोठ्या प्रमाणात परवानामुक्त करण्यात आल्याने हा मार्ग सुकर झाला आहे.

दुसरा पर्याय फोर-जीचा. मनोरा दूर असेल तर खोलीतील भ्रमणध्वनीला लहरी मिळत नाहीत. परंतु छतावर उंच अँटेना लावून ती फोर-जी राउटरला जोडल्यास चित्र बरेच सुधारते. कमी वारंवारितेच्या लहरी अधिक दूर जातात, तर फाइव्ह-जीच्या अतिवेगवान लहरींचा पल्ला कमी असतो. म्हणूनच खेड्यात फाइव्ह-जीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. कोणत्या कंपनीचे जाळे कोठे आहे याचे नकाशे कंपन्यांच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. तरीही प्रत्यक्ष जागेवर, सकाळी आणि रात्री, वेग मोजून पाहणे श्रेयस्कर.

आणखी एक अडचण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बँकेचा सांकेतिक क्रमांक येतो तो लघुसंदेशाने. आश्रमात फायबर असले, पण भ्रमणध्वनीला लहरीच नसल्या, तर बँकेचा व्यवहार अडतो. वाय-फायवरून दूरध्वनी करण्याची सोय बोलण्यापुरती उपयोगी पडते. लघुसंदेशासाठी तिच्यावर विसंबता येत नाही.

आकाशातील वाट

जेथे तारही नाही आणि मनोराही नाही, तेथे उपग्रह हा शेवटचा पर्याय. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असल्याने प्रश्न आणि उत्तर यांत अर्ध्या सेकंदाहून अधिक अंतर पडते. आधीच कमी ऐकू येणाऱ्या व्यक्तीला असे संभाषण कठीण जाते. सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरील ‘स्टारलिंक’च्या उपग्रहांमुळे हा विलंब खूपच घटतो. या कंपनीला भारतात जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. तथापि, उपग्रहसेवेच्या उपकरणाचा खर्च देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेने आधी तपासून पाहावा.

वीज गेली तर?

जुन्या दूरध्वनीला एक्स्चेंजमधूनच वीज मिळत असे. त्यामुळे भारनियमनातही तो वाजत असे. फायबरचे तसे नाही. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, म्हणून आश्रमातील यंत्राला आपली बॅटरी लागते. राउटरसाठीचा छोटा यूपीएस दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतो. पण तो बसवण्याचे अनेक ठिकाणी राहूनच जाते. मनोऱ्यांच्या बॅटऱ्याही ठरावीक काळच तग धरतात. ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली परिसरात वीज आणि भ्रमणध्वनी सेवा कित्येक दिवस विस्कळीत होती.

त्यामुळे शहर असो वा गाव, आश्रमाने भिन्न प्रकारच्या दोन जोडण्या ठेवाव्यात, हे उत्तम. दोन कंपन्यांचे फायबर एकाच खांबावरून येत असेल तर पावसाळ्यात एकच फांदी दोन्ही तोडते. मुख्य जोडणी तारेची आणि राखीव जोडणी बिनतारी असेल, तर दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता कमी होते. राखीव जोडणी महागडी असण्याची गरज नाही. वेगळ्या कंपनीचे सिमकार्ड घातलेला राउटरही पुरतो. मात्र महिन्यातून एकदा मुख्य तार मुद्दाम काढून ती चालते का, हे पाहायला हवे.

नातेवाइकांनी काय विचारावे?

आई-वडिलांसाठी आश्रम पाहताना स्वयंपाकघर, स्वच्छतागृहे आणि रुग्णवाहिका यांची चौकशी होते. त्यात आणखी चार प्रश्नांची भर घालावी. अंथरुणाला खिळलेल्या रहिवाशाच्या खाटेपर्यंत वाय-फाय पोहोचते का? वीज गेल्यावर ते किती तास चालते? मुख्य जोडणी तुटल्यास दुसरी आहे का? आणि या साऱ्याची माहिती असलेली, आजी-आजोबांना फोन लावून देणारी व्यक्ती कोण? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रहिवाशांना फसव्या दूरध्वनींपासून सावध करणारी आणि फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवणारीही तीच व्यक्ती असते.

वृद्धाश्रमांना दूरचित्रवाणी संच, पंखे, चादरी देणारे दाते अनेक आहेत. वर्षभराचे इंटरनेटचे देयक भरणारा दाता मात्र विरळा. या दानावर नावाची पाटी लावता येत नाही, हे खरे. परंतु रविवारी सकाळी सातच्या सुमारास आश्रमातील दहा पडद्यांवर दहा कुटुंबे जमतात, तेव्हा त्याचे मोल कळते.