आजोळच्या वाटेवरचे रंगीत दगड

गाडीनं आजोळी निघालात की मुलांना खिडकीशी बसवा आणि कडेचे किलोमीटरचे दगड ओळखायला शिकवा. माथा पिवळा तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा तो राज्य महामार्ग, काळा किंवा निळा तो जिल्हा मार्ग आणि केशरी तो गावाकडचा रस्ता. दर पाचव्या किलोमीटरचा दगड आकारानं मोठा असतो.

मुंबई-गोवा महामार्गावर आमची लेक पेण, महाड, पोलादपूर असं मोठ्यानं वाचत जाते. (कशेडी बोगद्यामुळे घाटाची वळणं चुकली, तिचं पोट ढवळणंही थांबलं.) खेडनंतर गाडी आत वळते. केशरी दगड दिसला रे दिसला की ती सीटखाली चपला शोधायला लागते. "आजीचा रस्ता आला!"