शेंड्याच्या पानांचा रंग

कॉफीच्या झाडाचा शेंडा बघा. नुकती उलगडलेली पानं तांबूस, काशाच्या भांड्यासारखी असतील तर झाड बहुधा टिपिका घराण्यातलं. पोपटी असतील तर बहुधा बूर्बों. वाण ओळखायची ही जुनी युक्ती. हा रंग मोजक्या जनुकांच्या हाती असल्याने जागा बदलली तरी फारसा हलत नाही. उंची, पेऱ्यांमधलं अंतर, शंभर बियांचं वजन यांचं तसं नाही. सावली दाट झाली, खत जास्त पडलं की आकडे बदलले! म्हणून सगळे वाण एकाच शेतात, पुन्हापुन्हा वेगवेगळ्या जागी लावून मोजावे लागतात. तेव्हा कुठे फरक जातीचा की जमिनीचा, ते कळतं.

एवढा खटाटोप कशाला? कारण वाणांत खरा फरक थोडाच. टिपिका, बूर्बों ज्या जातीचे, ती अरेबिका मुळात दोन जातींच्या अपघाती संकरातून जन्मली आणि स्वतःच्याच परागावर फळते. इथिओपियाच्या रानातून येमेनला थोडं बी गेलं, तिथून जगभर त्याहून थोडं. 1706 मध्ये जावाहून ॲमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात आलेल्या रोपाची संतती पुढे अमेरिका खंडात पसरली. मळ्यात हजारो झाडं, पण सगळी एकाच आजीची नातवंडं. रोग एकाला झाला की सगळ्यांना. 1869 मध्ये तांबेरा हा बुरशीचा रोग दिसला आणि वीसेक वर्षांत सिलोनच्या कॉफीमळ्यांत चहा उभा राहिला.

म्हणून वेगळं झाड शोधायचं; पण त्यात चेहरा फसवतो कसा, हे चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातल्या एस. 795 या वाणावरून कळतं. पान-फळ बघितलं तर सरळ अरेबिका. पण त्याच्या पूर्वजांत लायबेरिका जातीशी झालेला नैसर्गिक संकर आहे आणि तांबेऱ्याला अडवणारं एसएच3 हे जनुक तिथूनच आलंय. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी डीएनएचे मार्कर, म्हणजे ओळखखुणा, लागतात.

मात्र मार्करनाही डोक्यावर घेऊ नये. ते डीएनएच्या ज्या तुकड्यांकडे बघतात, त्यांतल्या बऱ्याच तुकड्यांचा झाडाच्या गुणांशी संबंधच नसतो. दोन झाडं किती लांबची, ते सांगतील. कपात काय उतरेल ते नाही. त्यासाठी कॅफिन मोजायचं (रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीत ते अरेबिकाच्या साधारण दुप्पट), क्लोरोजेनिक आम्ल मोजायचं आणि शेवटी चाखायचं. रूप, मार्कर आणि रसायनं यांच्या मोजमापांतून निघणारे वाणांचे वंशवृक्ष एकमेकांशी बरेचदा जुळत नाहीत.

एस. 795 वर आज तांबेरा दिसतो; एसएच3 ला चकवणारे बुरशीचे नवे प्रकार आले. तरी बागायतदारांनी तो उपटलेला नाही. चवीला चांगला आहे.