सुविचारापासून नोकरीपर्यंत : व्यवसाय मार्गदर्शनात पर्यावरणमूल्ये

शाळेत रोज सकाळी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक सुविचार लिहिलेला असे. 'झाडे लावा, झाडे जगवा' हे वाक्य तिथे, एसटीच्या पाठीवर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तुम्ही किती वेळा वाचले असेल, याची मोजदाद नाही. आता तुम्ही पदवीच्या वर्गात आहात आणि प्रश्न आहे पुढे काय करायचे हा. मार्गदर्शन कक्षातला छापील अर्ज आवड विचारतो, गुण विचारतो, अपेक्षित पगार विचारतो. फळ्यावरच्या त्या वाक्यांचा या निर्णयाशी काही संबंध उरतो का, ते या पाठात पाहू.

मार्गदर्शक सहसा चार गोष्टी तपासतो: क्षमता, आवड, घरची परिस्थिती आणि नोकऱ्यांची उपलब्धता. पाचवी गोष्ट म्हणजे मूल्ये. ती बहुधा राहून जाते, कारण ती थेट विचारता येत नाही. 'तुम्हाला पर्यावरण महत्त्वाचे वाटते का?' असे विचारले तर सगळा वर्ग 'हो' म्हणतो आणि चर्चा तिथेच संपते. वचनाचा उपयोग इथे होतो. ते छोटे असते, लक्षात राहते, आणि मुख्य म्हणजे ते दुसऱ्या कुणाचे तरी असते. त्यामुळे त्याच्याशी असहमत होण्यात संकोच वाटत नाही. 'हे मला पटत नाही' असे एखादा विद्यार्थी म्हणतो, तेव्हा त्याची मूल्ये पहिल्यांदा बोलू लागतात.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. आजच्या उत्तराखंडमधील चमोली जिल्ह्यात, रैणी गावाजवळ २६ मार्च १९७४ रोजी वृक्षतोडीसाठी मजूर आले. गावातले पुरुष त्या दिवशी बाहेरगावी होते. गौरा देवी आणि त्यांच्यासोबतच्या स्त्रियांनी वाट अडवली. 'हे जंगल आमचे माहेर आहे' अशा आशयाचे त्यांचे बोलणे आजही सांगितले जाते.

हे वचन वर्गात वाचले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: झाडे तोडू नयेत. त्यातून व्यवसायाचे दोनच पर्याय सुचतात, वन अधिकारी किंवा स्वयंसेवी संस्था. पण 'माहेर' या शब्दाशी थोडे थांबा. अडचणीच्या वेळी जिथून मदत मिळते ते माहेर. जनावरांचा चारा, चुलीचे सरपण, झऱ्याचे पाणी तिथूनच येत होते. १९७० साली अलकनंदेला आलेला मोठा पूर गावकऱ्यांनी पाहिला होता आणि उतारावरची झाडे गेली की काय होते, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

चिपको आंदोलनाची सुरुवातच मुळी रोजगाराच्या प्रश्नातून झाली, ही गोष्ट अनेक पाठ्यपुस्तकांत हरवते. चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली गोपेश्वर येथे स्थापन केलेली संस्था स्थानिक तरुणांना वनोपजावर आधारलेले काम मिळावे म्हणून धडपडत होती. १९७३ साली तिला शेतीची अवजारे बनवण्यासाठी अंगूची झाडे नाकारली गेली, आणि तीच झाडे खेळाचे साहित्य बनवणाऱ्या बाहेरच्या कंपनीला मिळाली. त्यातून मंडल गावात झाडांना कवटाळण्याचा निर्णय झाला. म्हणजे आपण ज्याला 'पर्यावरण की नोकरी' असा झगडा समजतो, तो तिथल्या लोकांना तसा दिसतच नव्हता. जंगल टिकले तर काम टिकणार होते.

रैणीनंतर सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष वीरेंद्र कुमार हे दिल्लीतील वनस्पतिशास्त्रज्ञ होते. समितीच्या अहवालानंतर अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यातील सुमारे १,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात १० वर्षांसाठी व्यापारी वृक्षतोड थांबवण्यात आली. गौरा देवींच्या शब्दांमागे एका वनस्पतिशास्त्रज्ञाचे रोजचे कौशल्य उभे राहिले, तेव्हा त्याचा शासकीय आदेश झाला. तुम्ही वनस्पतिशास्त्र शिकत असाल आणि 'याचा उपयोग काय?' असे घरी कुणी विचारत असेल, तर हा प्रसंग सांगा.

आता हीच पद्धत तुम्ही स्वतः वापरून पाहा. महाराष्ट्रात घरोघरी माहीत असलेले 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे घोषवाक्य घ्या आणि प्रत्येक क्रियापदाला विचारा: हे काम नेमके कोण करते? अडवण्यासाठी उताराची मोजणी लागते, नकाशा लागतो, बंधारा बांधणारा गवंडी लागतो. जिरवण्यासाठी खाली कोणता खडक आहे ते ठाऊक असावे लागते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी मुख्यतः भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून मुरते, गंगेच्या मैदानातल्या गाळात मात्र त्याची वाट वेगळी असते, म्हणून भूवैज्ञानिक. पाणी जिरल्यावर ते कुणाच्या विहिरीत येणार, यावरून गावात वाद होतात. तिथे सभा चालवणारा, कायदा जाणणारा माणूस हवा. आणि निधीचा हिशेब? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनो, चार चांगल्या योजना हिशेबाच्या वहीतच बुडतात. तुमची गरज तिथे आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांना 'हरित' असे नाव असलेली नोकरी मिळणार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. रस्त्याच्या कंत्राटावर काम करणारा अभियंता वचन सोबत नेऊ शकतो: खोदलेली माती ओढ्यात ढकलायची की नाही, मोरी कुठे ठेवायची, हे त्याच्याच सहीने ठरते. रुग्णालयातली परिचारिका कोणता कचरा कोणत्या रंगाच्या पिशवीत टाकते, हेही पर्यावरणाचेच काम आहे.

दोन ठिकाणी सावध राहा. पहिली गोष्ट वचनाच्या मालकीची. 'पृथ्वी आपल्याला पूर्वजांकडून वारशाने मिळालेली नाही, ती मुलांकडून उसनी घेतली आहे' या आशयाचे वाक्य भित्तिपत्रकांवर अनेकदा सिएटल या अमेरिकी आदिवासी प्रमुखाच्या नावाने छापतात. या कल्पनेचा मागोवा अमेरिकी लेखक वेंडेल बेरी यांच्या १९७१ मधील लेखनापर्यंत जातो. सिएटल यांचे म्हणून प्रसिद्ध असलेले पर्यावरणविषयक भाषणही टेड पेरी या पटकथाकाराने १९७०च्या दशकाच्या आरंभी एका चित्रपटासाठी लिहिले होते. वाक्य चांगले असेल तर खोट्या नावाची गरज नाही. आणि नाव खोटे निघाले की विद्यार्थी वाक्यावरचाही विश्वास गमावतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. धनबाद, कोरबा किंवा चंद्रपूरच्या ज्या घरात कोळशाच्या पगारावर मुले शिकली, तिथल्या मुलीसमोर निसर्गरक्षणाचे वचन ठेवून तिला अपराधी वाटायला लावणे हे मार्गदर्शन नव्हे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता वचनाने फिटत नाही. तिला विचारायचे ते असे: खाणीतच काम मिळाले, तर धूळ, सांडपाणी आणि खाण बंद झाल्यावरची जमीन, यांतले कोणते काम तुला शिकून घ्यावेसे वाटेल? उत्तर 'कोणतेच नाही' असेही येऊ शकते. तेही ऐकून घ्यावे.

म्हणून वचन बाहेरून लादू नका, घरातून आणा. पुढच्या तासिकेपूर्वी आजीला, शेजाऱ्याला किंवा गावातल्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला पाणी, झाड, माती किंवा जनावर यांविषयीची एक म्हण विचारा. ती त्यांच्याच बोलीत लिहून आणा, मग ती संथाली असो, कन्नड असो वा अहिराणी. खाली तुमच्या जिल्ह्यात त्या म्हणीशी जोडलेली तीन कामे लिहा. त्यांपैकी एक काम करणाऱ्या माणसाला भेटून पहिल्या वर्षी त्याला किती पगार मिळत होता, तो आकडाही लिहा.